छत आपले, सल्ला कुणाचा?

देडतलाई हे बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीतले गाव. बुऱ्हाणपूर, खंडवा आणि धारणी या तिन्ही बाजूंचे रस्ते इथे एकत्र येतात. पहिली दोन गावे मध्य प्रदेशातली, तिसरे महाराष्ट्रातल्या मेळघाटचे. बाजारात मराठी, निमाडी, कोरकू आणि हिंदी सगळ्याच कानावर पडतात आणि सोयरिकी सीमेच्या दोन्ही अंगांना जुळलेल्या असतात. विजेची तार मात्र राज्याची सीमा काटेकोर पाळते. देडतलाईच्या घराचे बिल इंदूरच्या मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडून येते आणि त्यातला दर भोपाळचा नियामक आयोग ठरवतो. धारणीतल्या मावसभावाचे बिल महावितरणचे असते आणि त्याचा दर मुंबईच्या आयोगाने ठरवलेला असतो. छतावरच्या सोलरबद्दल मराठीत जे लिहिले-बोलले जाते ते जवळजवळ सगळे महावितरणच्या ग्राहकाला समोर ठेवून असते. देडतलाईच्या मराठी घरमालकाला ते वाचता येते, पण त्याच्या बिलाला ते लागू पडत नाही. हिंदीतली सरकारी माहिती त्याच्या राज्याची असते, पण ती त्याच्या घराची नसते. तिथे योजना समजावलेली असते, त्याचा हिशोब मांडलेला नसतो. घरावर सोलर बसवावे का, किती किलोवॅटचे, कुणाकडून आणि केव्हा, हे त्या विक्रीत ज्याचा एक पैसाही गुंतलेला नाही अशा जाणत्या माणसाकडून त्याला कुठे कळेल, हा या लेखाचा प्रश्न आहे. सीमेवरच्या या गावात तो ठळक दिसतो, पण तो देशातल्या प्रत्येक छताचा आहे.

आधी पार्श्वभूमी. केंद्र सरकारने १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' जाहीर केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. खर्चाची तरतूद ७५,०२१ कोटी रुपये आणि उद्दिष्ट एक कोटी घरांचे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी जास्तीत जास्त ७८,००० रुपये, असे अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होते. तारणाशिवाय सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्येच वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले गेले. त्यानुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला वीज कंपनीच्या तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज उरली नाही आणि पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वीजयंत्रणा बळकट करावी लागली तर तो खर्च कंपनीने करायचा असे ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या सगळ्याचा परिणामही दिसला. मार्च २०२५ पर्यंत देशात दहा लाख घरांवर संच बसले होते. योजना चांगली आहे आणि तिचा हेतूही स्वच्छ आहे. सौर वीज घरोघरी पोचावी असे मानणाऱ्यानेच पुढचा प्रश्न अधिक कळकळीने विचारायला हवा.

तो प्रश्न असा, की या व्यवस्थेत पैसा नेमका कोणत्या क्षणी हात बदलतो? संच बसतो त्या क्षणी. वेंडरला नफा तेव्हा मिळतो. एजंटाचे कमिशन तेव्हा सुटते. बँकेचे कर्ज तेव्हा वाटले जाते. वीज कंपन्यांसाठी योजनेत प्रोत्साहन रक्कम ठेवली आहे, आणि ती त्यांच्या क्षेत्रात ठरावीक पातळीपलीकडे किती क्षमता वाढली यावर अवलंबून असते. ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांनाही त्यांच्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक संचामागे १,००० रुपये मिळण्याची सोय आहे. यातले एकेक प्रोत्साहन समजण्यासारखे आहे. पण ती सगळी एकत्र ठेवली की दिसते, की घरमालक ज्याला ज्याला सल्ला विचारायला जाईल तो प्रत्येक जण 'हो, बसवा' या उत्तराने काहीतरी कमावतो. 'थांबा', 'लहान संच बसवा' किंवा 'तुमच्या घराला याची गरज नाही' या उत्तरासाठी कुणालाही काही मिळत नाही. त्यात कुणी लबाड असायलाच हवा असे नाही. प्रामाणिक माणसाचे बोलणेही त्याच्या उत्पन्नाच्या दिशेने झुकते. बुऱ्हाणपूरच्या केळीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. किती खत घालावे आणि कोणते औषध फवारावे हे खत-औषधाच्या दुकानदारालाच विचारायची पाळी आली, की डोस कधी कमी निघत नाही.

'नको' हे उत्तर खरेच कुणाला लागू पडते का, असे कुणी विचारेल. पडते, आणि देडतलाईसारख्या गावात बऱ्याच घरांना पडते. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात. दोन-तीन पंखे, चार-पाच दिवे, एक टीव्ही आणि एक लहान फ्रिज असलेले घर वर्षाचे बरेच महिने या मर्यादेत राहते आणि त्याचे बिल ढोबळमानाने चारशे-पाचशे रुपयांच्या घरात असते. अशा घरावर दीड-दोन लाखांचा तीन किलोवॅटचा संच बसवला, तर अनुदान वजा जाताही उरलेले लाखभर रुपये वसूल व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतील. तेवढ्यात इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागेल. आता वापर १५० च्या किंचित वर, समजा १६० युनिटांवर जाणारे घर घ्या. मर्यादा ओलांडली की सवलत सुटते आणि बिल एकदम हजाराच्या पुढे उडी मारते. एजंटाला हे घर उत्तम गिऱ्हाईक वाटेल. निःस्वार्थ सल्लागार मात्र आधी छताच्या पंख्याकडे बोट दाखवील. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो आणि नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला बारा तास फिरणारा एक पंखा बदलला तरी महिन्याला पंधरा-सोळा युनिटे वाचतात आणि घर पुन्हा सवलतीच्या मर्यादेत येते. हा सल्ला काही हजार रुपयांचा आहे. तो दिला म्हणून सोलर विकणाऱ्याला काहीच मिळत नाही, म्हणूनच तो त्याच्याकडून ऐकू येत नाही.

हे निरीक्षण एका गावापुरते नाही. दिल्लीच्या 'कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्नमेंट अँड वॉटर' या संस्थेने २०२३ मध्ये देशातल्या घरांच्या छतांचा अंदाज बांधला. नुसत्या जागेच्या हिशोबाने ६३७ गिगावॅट क्षमता या छतांवर मावते, पण त्या घरांचा खरा वीजवापर धरला की आकडा ११८ गिगावॅटवर येतो. छते पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या पुष्कळ छतांखालची घरे वीज जपून वापरतात. ज्यांचा वापर जास्त आहे त्यांच्यासाठी चित्र याच्या अगदी उलटे असते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. महिन्याला तीनशे युनिटे लागणाऱ्या घराचे बिल अडीच हजारांच्या आसपास जाते, कारण वरच्या टप्प्यातले युनिट साडेसहा रुपयांहून महाग आहे. निमाडच्या उन्हात एक किलोवॅटचा संच सरासरी दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो, म्हणजे तीन किलोवॅटचा संच या घराची गरज भागवतो. त्याचे लाखभर रुपये चार-पाच वर्षांत सुटतात आणि पुढची वीस वर्षे जवळजवळ फुकट वीज मिळते. एकाच गल्लीतल्या दोन घरांना दोन विरुद्ध उत्तरे बरोबर ठरतात. म्हणूनच छापील पत्रकाने भागत नाही. ज्याच्या हातात घराची वर्षभराची बिले आहेत, असा सल्लागार लागतो.

संचाच्या आकारातही हाच झुकाव दिसतो. ७८,००० हा आकडा जाहिरातीत सर्वांत मोठा असतो आणि तो तीन किलोवॅटपासूनच मिळतो, म्हणून दीड किलोवॅटमध्ये भागणाऱ्या घरालाही तीन सुचवले जातात. अनुदानाची रचना मात्र उलट सांगते. पहिल्या दोन किलोवॅटसाठी सरकारने किलोवॅटमागे ५०,००० रुपये खर्च धरून त्याचा ६० टक्के भाग दिला आहे. तिसऱ्यासाठी ४५,००० धरून ४० टक्के दिला आहे आणि त्यापुढे काहीच नाही. सरकारचा हात लहान संचाला जास्त आणि मोठ्याला कमी, असे हे गणित आहे. गरजेपेक्षा जास्त तयार झालेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि पुढच्या बिलांतून वळती होते हे खरे. पण वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा भाव, आपण वीज विकत घेतो त्या भावाच्या मानाने बराच कमी असतो. शिवाय स्थिर आकार चालूच राहतो. 'बिल शून्य' हे शब्द ज्या कोटेशनवर दिसतात, त्या कोटेशनला स्थिर आकाराबद्दल पहिला प्रश्न विचारावा.

यंत्राबद्दलच्या गोष्टी तर याहून कमी सांगितल्या जातात. गावात सोलरकडे लोक वळतात त्याचे मोठे कारण वीज जाणे हे असते. पण अनुदानातून बसणारा साधा ग्रिडला जोडलेला संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये ती व्यवस्था मुद्दाम केलेली असते आणि ती योग्यच आहे. भर दुपारी ऊन रणरणत असताना वीज गेली तर पंखाही थांबेल आणि त्या वेळची सौर वीजही वाया जाईल. अंधार टाळायचा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि त्याने खर्च बराच वाढतो. म्हणजे गावाच्या फीडरवर दिवसा वीज किती वेळ टिकते आणि व्होल्टेज किती खाली-वर होते, हे सल्ला देणाऱ्याला ठाऊक हवे. दुसरी गोष्ट उष्णतेची. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशामागे ती ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात हवा ४३-४४ अंशांवर असताना काळे पॅनेल त्याहून कितीतरी जास्त तापते, म्हणून पत्र्याला चिकटवून बसवलेल्या पॅनेलपेक्षा खालून वारा खेळणारे पॅनेल जास्त वीज देते. तिसरी गोष्ट वादळाची. बुऱ्हाणपूरच्या केळीबागा मे-जूनच्या वावटळीत आडव्या होतात हे सगळा जिल्हा जाणतो. तोच वारा छतावरच्या सांगाड्यालाही लागतो. सांगाड्याच्या लोखंडाची जाडी, त्यावरचे गॅल्व्हनाइझिंग, पाय सिमेंटच्या स्लॅबमध्ये कसे रोवले, अर्थिंग आणि तडितरोधक कसे केले, यांवर संचाचे आयुष्य ठरते. आणि वेंडरला पैसे वाचवायचे झाले तर तो नेमका इथेच वाचवतो. कवेलूच्या किंवा जुन्या पत्र्याच्या घरावर संच बसू शकतो की नाही, हा निर्णय तर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय देताच येत नाही.

सरकारी पोर्टल आहे, हेल्पलाइन आहे, नोंदणीकृत वेंडरांची यादी आहे, मग आणखी सल्लागार कशाला, हा पहिला आक्षेप. या सोयी उपयोगाच्या आहेत, पण त्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. २०२२ मध्ये राष्ट्रीय पोर्टलची सोपी पद्धत आली तेव्हा वेंडरने अडीच लाखांची बँक हमी आणि काही घोषणापत्रे दिली की त्याचे नाव यादीत येत असे. अशी यादी वेंडर पळून गेला तर थोडे संरक्षण देते. तो तुमच्या घराला योग्य आकार सुचवील याची ती हमी देत नाही. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला जाहीर खुलासा करावा लागला, की काही कंपन्या स्वतःला मंत्रालयाच्या अधिकृत म्हणवतात, पण मंत्रालयाने कुणालाही असे अधिकृत केलेले नाही. शेतकऱ्यांच्या सौरपंपांसाठीच्या कुसुम योजनेच्या नावाने उघडलेल्या बनावट संकेतस्थळांबद्दलही मंत्रालयाने वारंवार इशारे दिले आहेत. जिथे सरकारचे नाव उसने घेऊन विक्री होते, तिथे लोकांना विश्वासाची किती भूक आहे हे वेगळे सांगायला नको. हेल्पलाइन १५५५५ अर्जाची स्थिती सांगते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि वीज कंपनीची १९१२ तक्रार नोंदवून घेतात. २००३ च्या विद्युत कायद्यानुसार तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही लागत नाही. ही सगळी दारे नुकसान झाल्यावर ठोठावायची आहेत. सौदा होण्याआधी उघडणारे एकही दार त्यात नाही.

शेजाऱ्याचा अनुभव हाच सर्वांत खरा सल्ला, असे दुसरे मत आहे, आणि त्यात तथ्यही आहे. छतावर चालणारा संच दहा जाहिरातींपेक्षा जास्त पटवतो आणि काम बिघडले तर वेंडर फिरकतो की नाही हे शेजारीच सांगू शकतो. पण शेजाऱ्याला आपला संच माहीत असतो, दुसऱ्याचे घर माहीत नसते. त्याच्या गच्चीवर दिवसभर ऊन असेल आणि तुमच्या गच्चीवर चिंचेची सावली असेल. त्याचा वापर तीनशे युनिटांचा असेल आणि तुमचा सव्वाशेचा. सीमेवरच्या गावात तर शेजारच्या राज्यातला नातेवाईकही सल्लागार होतो. महाराष्ट्रात सरकारने गरीब आणि कमी वापराच्या घरांसाठी २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची स्वतंत्र योजना आणली. धारणीत ती ऐकून देडतलाईत कुणी त्या भरवशावर पैसे मोजले तर हाती निराशाच येईल. शिवाय ओळखीचे गिऱ्हाईक आणून दिले तर काही हजार रुपये द्यायचे, ही वेंडरांची सर्वत्र चालणारी पद्धत आहे. त्या दिवसापासून शेजाऱ्याचे मतही निःस्वार्थ राहत नाही. शेजाऱ्याकडून पुरावा घ्यावा, म्हणजे त्याची बिले आणि त्याच्या इन्व्हर्टरवरचे आकडे. निर्णय मात्र आपल्या घराच्या आकड्यांवर व्हावा.

विक्रीपासून सल्ला वेगळा काढणे जगात अशक्य मानले गेलेले नाही. जर्मनीत ग्राहक केंद्रांचे जाळे आहे आणि त्यांच्या ऊर्जासल्ल्याला केंद्र सरकारचा निधी मिळतो. तिथला सल्लागार घरी येऊन छत पाहतो, थोडे शुल्क घेतो, गरीब कुटुंबाकडून तेही घेत नाही आणि काहीच विकत नाही. स्कॉटलंडमध्ये 'होम एनर्जी स्कॉटलंड' ही सरकारी पैशावर चालणारी मोफत सेवा हेच काम करते. अमेरिकेत पोर्टलंड शहराच्या एका भागातल्या रहिवाशांनी २००९ मध्ये एकत्र येऊन एकच वेंडर निवडला आणि एकत्र खरेदीमुळे भावही उतरला. मराठी समाजाला ही कल्पना परकी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली ती १९७४ मध्ये. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून दर्जा पाहून एकत्र खरेदी करण्याची पद्धत अनेक दशके चालवून दाखवली. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने वीज दराच्या सुनावण्यांत ग्राहकाची बाजू आकड्यांनिशी मांडण्याची परंपरा घातली. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रातले पहिले सौरग्राम म्हणून पुढे आली. गाव एकत्र आले की वेंडरशी बोलण्याचे बळ बदलते, हेच तिथे दिसले. या सगळ्या उदाहरणांत सल्ल्याचा पगार विक्रीतून येत नाही. तो सार्वजनिक निधीतून येतो, नाहीतर खरेदीदारांच्या वर्गणीतून.

आता बुऱ्हाणपूरकडे परत यावे, कारण या जिल्ह्याने हेच काम दुसऱ्या क्षेत्रात करून दाखवले आहे. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. नळाला पाणी येते की नाही हे ठेकेदाराच्या कागदावर ठरले नाही. जिल्ह्यातल्या २५४ गावांच्या ग्रामसभांनी स्वतः ठराव करून ते प्रमाणित केले. ज्या जलजीवन मिशनखाली हे झाले, त्याच्या रचनेत प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण द्यायचे असते. पाइप टाकणारा वेगळा आणि पाणी तपासणारा वेगळा, आणि शेवटचा शब्द ग्रामसभेचा, हे तत्त्व इथे लोकांनी पाहिलेले आहे. तेच तत्त्व छतावर नेता येईल. गावातल्या बचतगटातल्या दोन-तीन महिला आणि आयटीआय शिकलेला एखादा तरुण यांना आठवडाभराचे प्रशिक्षण पुरेल. बिल वाचणे, वर्षभराच्या वापराची सरासरी काढणे, सावली आणि छताची मजबुती पाहणे, कोटेशनमधली कलमे पडताळणे, एवढेच काम आहे. हे सल्लागार काही विकणार नाहीत आणि कमिशन घेत नसल्याचे लिहून देतील. त्यांचे मानधन घर पाहिल्याबद्दल मिळेल, मग उत्तर 'हो' असो की 'नको'. पंचायतीला मिळणारे संचामागचे हजार रुपये बसवण्याच्या दिवशी न देता, वर्षभरानंतर संच ठरल्याप्रमाणे वीज देतो हे ग्रामसभेत दाखवल्यावर द्यावेत. एवढ्या एका बदलाने पंचायतीचे हित वेंडरकडून घरमालकाकडे सरकेल. योजनेतच प्रत्येक जिल्ह्यातल्या एका आदर्श सौरग्रामासाठी एक कोटी रुपये आहेत. त्यातला लहानसा वाटा अशा सल्ल्यासाठी राखणे कुठल्याही जिल्ह्याला जड नाही.

यावरचे आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. यात खर्च आहे, हे खरे. पण एका चुकीच्या तीन किलोवॅटच्या संचावर सरकारचे ७८,००० आणि घराचे लाखभर अडकतात. तेवढ्या रकमेत एका गावाचा सल्ला वर्षभर सहज चालेल. गावातला सल्लागारही विकत घेतला जाईल, ही भीतीही खरी आहे. कुठलीही रचना माणसाला प्रामाणिक बनवू शकत नाही, पण लपणे अवघड करू शकते. सल्ला लेखी असला, एका वर्षाने त्याचा निकाल ग्रामसभेसमोर वाचला गेला आणि सल्लागार आलटून-पालटून नेमले गेले, तर पक्षपात उघडा पडतो. सर्वांत वजनदार आक्षेप हवामानाचा आहे. कोळशाचा धूर कमी करायला घाई असताना 'थांबा' म्हणणारे नेमायचे कशाला? उत्तर असे, की सौर वीज पसरते ती समाधानी घरांमुळे. बंद पडलेला एक संच, फसलेले एक कर्ज आणि न फिरकणारा एक वेंडर गावातली पुढची वीस छते मागे लोटतात. ज्याला 'आता नको' असे खरे उत्तर मिळाले, तो दोन वर्षांनी वापर वाढल्यावर त्याच माणसाकडे विश्वासाने येतो. योग्य सल्ल्याने सुरुवातीला काही संच कमी बसतील. पण जे बसतील ते पंचवीस वर्षे चालतील, आणि धूर कमी होतो तो चालणाऱ्या संचांमुळेच.

अशी व्यवस्था उभी राहीपर्यंत घरमालकाने स्वतः काय करावे? सल्ला ऐकण्याआधी सल्लागाराला या व्यवहारातून काय मिळते हे सरळ विचारावे आणि उत्तर टाळले तर तिथेच थांबावे. बारा महिन्यांची बिले समोर ठेवून, उन्हाळा-हिवाळ्याचा फरक धरून सरासरी काढावी. ती १५० च्या आत असेल तर आधी पंखे, दिवे आणि फ्रिजकडे पाहावे. किमान तीन कोटेशने घ्यावीत आणि त्यांत पॅनेलचे नाव व वॅट, इन्व्हर्टरची कंपनी, सांगाड्याचे लोखंड, जीएसटीचा दर आणि पाच वर्षांच्या देखभालीची हमी वेगवेगळी लिहून मागावी. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीचे असणे बंधनकारक आहे, म्हणून त्याचा पुरावा हवा. वर्षाला किती युनिटे मिळतील हा आकडा लेखी घ्यावा, कारण तोंडी सांगितलेल्या आकड्यावर ग्राहक आयोगात फारसे काही करता येत नाही. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये, मोठा हिस्सा नेट मीटर लागेपर्यंत राखून ठेवावा. राज्य सरकारकडून जादा अनुदान मिळेल असे कुणी म्हणाले तर मध्य प्रदेशच्या आदेशाची प्रत मागावी, महाराष्ट्रातली बातमी चालणार नाही. एवढे केले तरी बहुतेक चुकीचे सौदे सही होण्याआधीच गळून पडतात.

पण एकट्या घरमालकाने एवढे सारे सांभाळावे ही अपेक्षा दीर्घकाळ न्याय्य नाही. सरकारने अनुदान दिले, कर कमी केला आणि मंजुरीचे अडथळे दूर केले. या साखळीत कमी पडलेली कडी खरा सल्ला ही आहे. तिला लागणारा पैसा बाकी सगळ्या कड्यांच्या मानाने नगण्य आहे आणि तिची रीत या जिल्ह्याने पाण्याच्या कामात गिरवलेली आहे. जो सल्लागार 'नको' म्हणू शकतो आणि तसे म्हटल्याने ज्याचे काहीच बुडत नाही, त्याच्याच 'हो'वर लाखभर रुपये लावावेत. असा माणूस प्रत्येक गावात असावा, ही मागणी ग्रामसभेने ठरावात घालावी, पंचायतीने जिल्ह्याकडे पाठवावी आणि जिल्ह्याने ती सौरग्रामाच्या आराखड्यात धरावी. देडतलाईने ही सुरुवात केली, तर सीमेपलीकडच्या धारणीलाही तिच्यापासून शिकण्यासारखे काही असेल.